थांब, आता आपलं लागेल

प्रवीण गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बाईंना गाणं ऐकवत होतो. मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा. ऑफिसच्या फोनवर इंदिरानगरच्या त्या बाई होत्या आणि माझा स्वतःचा मोबाइल टेबलावर नुसता थरथरत होता. पडद्यावर प्रवीणच्या धाकट्या भावाचं, गणेशचं नाव. एकदा, दोनदा, तीनदा... मी बाईंना आठ सेकंद ऐकवली आणि रोजच्या आवाजात विचारलं, "हे गाणं ओळखता का?" यादीत अजून चार गाणी बाकी होती. ती चारही मी विचारली, त्यांचे आभार मानले, मग गणेशला फोन लावला. "अरुणदादा, पव्यादादा गेला रे," एवढंच तो बोलला.  त्या चार गाण्यांची नावं मला आजही पाठ आहेत.

डेंग्यू झाला होता. सगळं मिळून पाच दिवस. आदल्या रविवारी मी त्याला दवाखान्यात भेटून आलो होतो. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या नातेवाइकाने मोबाइलवर रेडिओ लावला होता, मी काम करतो ते आमचंच स्टेशन. मी प्रवीणला ऑफिसातलं काहीतरी सांगत होतो. मधेच एक गाणं संपलं आणि त्याने सलाइन लावलेल्या हाताचं एक बोट वर केलं. मी गप्प झालो. पुढचं गाणं सुरू झालं. ते त्याचं नव्हतं. त्याने बोट खाली घेतलं आणि म्हणाला, "हां, बोल साहेब."

त्या बोटाबद्दल लिहायचं म्हटलं तर मला सायखेड्यापासून सुरुवात करावी लागेल. आम्ही दोघं तिथल्याच शाळेत दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. माझे वडील सोसायटीत शिपाई, त्याच्या वडिलांची पिकअप गाडी. बारावीनंतर त्याचे वडील आजारी पडले आणि गाडीची किल्ली त्याच्याकडे आली. मला नाशिकच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पण रोज जायचं कसं हा प्रश्नच होता. प्रवीण म्हणाला, "मी रोज पंचवटीच्या मार्केटला माल घेऊन जातोच ना. तू बस टमाट्यावर." टमाट्यावर मी कधी बसलो नाही, त्याने मला नेहमी केबिनमध्येच बसवलं. तीन वर्षं. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. त्याचं श्रेय लोक माझ्या अभ्यासाला देतात, आईवडिलांच्या कष्टाला देतात. त्या गाडीचं नाव कोणी घेत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.

त्या केबिनमध्येच तो रॅप करायला शिकला. सुरुवातीला मोबाइलवर ऐकलेलं हिंदी, पंजाबी म्हणायचा. समजायचं अर्धंच. मग एक दिवस चांदोरीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना स्टिअरिंगवर बोटं आपटत त्याने आपल्या भाषेत काहीतरी जुळवलं आणि स्वतःच चकित झाला. "अरे, हे तर आपल्या बोलण्यातच हाय की. नुसतं ठेक्यात बसवायचं." पुढं तो मालाबद्दल, रस्त्याबद्दल, गाडी अडवणाऱ्या माणसांबद्दल, कोणाबद्दलही जुळवायचा. माझ्यावरही जुळवायचा. मी परीक्षेला घाबरतो, मी शर्ट इन करतो, मी मुलीशी बोलताना घड्याळ बघतो... मार्केट येईपर्यंत माझी पार इज्जत काढलेली असायची.

पदवीनंतर मला एका खासगी रेडिओ स्टेशनवर नोकरी लागली. कोणत्या तासाला कोणतं गाणं वाजेल याचा तक्ता बनवायचं काम. माझी शिफारस करणारं कोणी नव्हतं. तिथल्या प्रोग्रॅमिंगच्या मॅडमनी माझं मराठी आणि माझा प्रामाणिकपणा बघून मला घेतलं, असं त्या स्वतः म्हणाल्या. मी त्यांचा आजही ऋणी आहे आणि पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हे ध्यानात असू द्यावं. प्रवीणने त्या दिवशी मार्केटात सगळ्यांना पेढे वाटले. "आपला मानूस रेडिओत बसला. आता काय टेन्शन नाय!"

ऐकणाऱ्याला वाटतं, रेडिओवर बसलेला माणूस आवडीचं गाणं लावतो. तसं नसतं. यादी मुंबईच्या मुख्य ऑफिसातून येते. सिनेमातला रॅप असेल, मोठ्या म्युझिक कंपनीचा असेल, तर तो पहिल्या दिवसापासून दिवसातून पाच-सहा वेळा वाजवायचा, असा निरोपच असतो. त्याला कोणी काही विचारत नाही. बाकीच्यांसाठी फोनची चाचणी. शहरातल्या काही श्रोत्यांची यादी आमच्याकडे आहे. त्यांना फोन करून प्रत्येक गाण्याची आठ सेकंद ऐकवायची आणि तीन प्रश्न विचारायचे. ओळखता का? आवडतं का? ऐकून ऐकून कंटाळा आलाय का? पहिल्या प्रश्नाला बहुतेकांनी 'नाही' म्हटलं की गाणं बाजूला. न वाजलेलं गाणं लोकांनी ओळखायचं कसं, हा प्रश्न मी पहिल्याच महिन्यात मॅडमना विचारला होता. त्या हसल्या. "अरुण, अनोळखी गाणं लागलं की लोक स्टेशन बदलतात. आपण रिस्क घेत नाही, एवढंच."

प्रवीणने दीड वर्ष खपून एक गाणं केलं. नाव 'कॅरेट'. त्याच्या एका मित्राच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून ते रेकॉर्ड केलं. सुरुवातीचा ठेका कोणत्याही वाद्याचा नव्हता, टमाटे भरायची प्लास्टिकची रिकामी कॅरेटं एकमेकांवर आदळल्याचा तो आवाज होता. मार्केटात तो आवाज ऐकत वाढलेल्या माणसाच्या अंगावर काटा यावा असा. 'थप्पीवर थप्पी, कॅरेटवर कॅरेट, माल माझा लाल, पण तुझ्या हातात रेट.' पेन ड्राइव्ह माझ्या हातात देताना तो पहिल्यांदाच लाजला. म्हणाला, "माझी आई द्राक्षाच्या पॅकहाउसला जाते ना, तिथं दिवसभर तुमचंच स्टेशन लावलेलं असतंय. बायांना तिनं सांगून ठेवलंय, माझ्या पोराचं येनार हाय म्हनून. एकदा लागलं ना अरुण, एकदाच... बास." त्याने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मॅडमनी गाणं पूर्ण ऐकलं. त्यांना आवडलं, हे मी त्यांच्या पायाच्या ठेक्यावरून सांगतो. "चांगलंय. चाचणीत टाक," म्हणाल्या. मी आठ सेकंद कापली आणि चार दिवस फोन केले. "नाही ओळखत." "कोणाचं आहे हे?" "नाही बाई, पुढचं ऐकवा." गाणं बाजूला पडलं.

मार्केटच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर मी त्याला सांगितलं. वाटलं चिडेल. त्याने कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "म्हंजे गाणं वाईट नाय?"

"नाही रे. लोक ओळखत नाहीत म्हणून..."

"ओळख पायजे, एवढंच ना? मग सोपं हाय की. मी करून देतो ओळख."

आणि त्याने खरंच केली. गाडीच्या टपावर भोंगा बसवला. माल उतरवून परत येताना वाटेतलं गाव सोडलं नाही. आठवड्याचे बाजार, व्यापारी टमाटा खरेदी करतात ते खळे, पॅकहाउसची सुटायची वेळ, सगळीकडे 'कॅरेट' वाजवत फिरला. पोरं गाडीमागं धावत म्हणायला लागली. बाया त्याला नावाऐवजी 'ए कॅरेट' म्हणायला लागल्या. एक अख्खा हंगाम. दर आठ-पंधरा दिवसांनी मला फोन यायचा, "साहेब, निफाड झालं. आता पिंपळगाव. पुन्हा चाचणी कधी हाय?" तेव्हापासून गाडीत आमचं स्टेशन कायम चालू असायचं आणि गाणं संपलं की त्याचं बोट वर जायचं. शेजारी कोणीही असो, काहीही बोलत असो. "थांब... आता आपलं लागेल."

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हा लेख लिहायला बसलो. आमच्या श्रोत्यांच्या यादीत निफाड नाही. पिंपळगाव नाही, सायखेडा नाही. यादीतले श्रोते शहरातले, त्यातही बहुतेक गृहिणी, सकाळी अकरा ते एक या वेळात निवांत फोन उचलू शकणाऱ्या. पॅकहाउसमधली बाई त्या वेळेला फोन उचलत नाही, तिचा फोन डब्याच्या पिशवीत असतो. दिवसभर आमचं स्टेशन ऐकणाऱ्या त्या बायांना आम्ही कधीच काही विचारत नाही. प्रवीण ज्या ज्या माणसाला गाणं ऐकवत होता, त्यातलं कोणीही माझ्या यादीत नव्हतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. यादी गोपनीय असते, बाहेर बोललो तर नोकरी जाते. पण कोणतंही नाव न सांगता मी एवढं तर सांगू शकत होतो, की पव्या, उगाच फिरू नकोस. मी नाही सांगितलं. घरातली पहिली नोकरी होती, लहान बहिणीचं शिक्षण चालू होतं, ही कारणं खरी आहेत. आणखी एक खरं कारण आहे. सांगितलं असतं तर त्याने मला विचारलं असतं, "मग तू तिथं बसून काय करतोस?"

हंगाम संपल्यावर मी मॅडमना विनंती करून गाणं पुन्हा चाचणीत घातलं. पुन्हा तेच 'नाही, नाही'. तिसऱ्या दिवशी पंचवटीतल्या एका बाईंना फोन लागला. कॅरेटांचा आवाज सुरू झाला आणि आठ सेकंद संपायच्या आत त्या ओरडल्या, "अहो, हे तर टेम्पोवालं! भाजी बाजारात वाजतं ते. माझा मुलगा दिवसभर हेच बडबडत असतो. तुम्ही लावणार का हे? लावा ना!" मी तीनही प्रश्न विचारले. ओळखता? हो. आवडतं? खूप. कंटाळा? छे! फॉर्मवर तीनही उत्तरं लिहिली. पूर्ण यादीतला तो एकटा 'हो'. त्याने गाणं पास होणार नव्हतं, हे मला कळत होतं. तरी तो फॉर्म मॅडमना दाखवला.

त्यांनी फॉर्म दोनदा वाचला. "या बाईंना कसं माहीत? आपल्याकडे तर कधी वाजलंच नाही."

"बाजारात ऐकलंय म्हणतात."

"अरुण, खरं सांग. तू सांगितलंस का त्यांना?"

"नाही मॅडम. शप्पथ."

"माझा विश्वास आहे. पण उद्या मुंबईने विचारलं तर? तुझा मित्र आहे तो. तुझ्यावरच येईल सगळं." फॉर्म माझ्याकडे सरकवून त्या म्हणाल्या, "बाद कर हा."

त्या माझ्या भल्यासाठी म्हणाल्या. आणि मी तो बाद केला. त्याच्या एका हंगामाच्या फिरण्याचं शहरात उगवलेलं ते एकुलतं एक फळ, ते मी माझ्या हाताने खुडून फेकलं. संध्याकाळी फोनवर सांगितलं, "नाही बसलं रे या वेळीही."  तो म्हणाला, "कुठं कमी पडलो रे? गावं वाढवतो आनखी."

त्याच आठवड्यात मुंबईहून एक सिनेमातला रॅप आला. पहिल्याच दिवशी सहा वेळा. पंधरा दिवसांनी चाचणीत झाडून सगळ्या बायकांनी तो ओळखला. ऑफिसात म्हणाले, बघा, नाशिकला हिपहॉप चालतो!

प्रवीण गेल्यावर मॅडम आपणहून माझ्याजवळ आल्या. त्यांचे डोळे भरलेले होते. "एकदा लावूया आपण त्याचं गाणं. आरजे दोन शब्द बोलेल." मी मुंबईला मेल केला. उत्तर सभ्य होतं. गाणं वाजवण्यासाठी गायकाचं परवानगीपत्र लागेल, त्याच्या स्वतःच्या सहीचं. ते माझ्याकडे नव्हतं. गाणं पास झाल्यावर सही घ्यायची पद्धत आहे आणि गाणं पास झालंच नव्हतं. वारसाची सही चालेल का, म्हणून मी पुन्हा विचारलं. त्यासाठीच्या कागदपत्रांची यादी आली. मॅडम म्हणाल्या, "बघू पुढे." ते तिथेच राहिलं.

गेल्या रविवारी सायखेड्याला त्याच्या घरी गेलो. दारात पिकअप उभी होती. टपावर भोंगा तसाच. गणेश आता गाडी चालवतो. सुमनमावशी, प्रवीणची आई, ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. शेजारी लहानसा रेडिओ, आमचं स्टेशन. "ये रे बाळा. वाळला किती! जेवत नाय का तिकडं?" म्हणत त्यांनी मला जवळ बसवलं. प्रवीण गेल्यापासून त्या पॅकहाउसला जात नाहीत. मग आपणच म्हणाल्या, "म्हनून हा रेडिओ घेतला. तिथं कान असायचा, आता इथं पायजे ना. पव्या म्हनायचा, आई, अरुण तिथं हाय, तो लावल्याबिगर राहनार नाय."

मला सगळं सांगायचं होतं. यादी, फॉर्म, पंचवटीच्या बाई, सगळं. तेच सांगायला मी गेलो होतो. "मावशी..." म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात रेडिओवरचं गाणं संपलं. त्यांचा मेथी निवडणारा हात थांबला. मातीने माखलेलं एक बोट वर गेलं, थेट त्याच्यासारखं.

"थांब रे जरा," त्या म्हणाल्या, आणि रेडिओकडे कान दिला.

मी थांबलो. पुढचं गाणं कोणतं ते मला माहीत होतं; ते त्याचं नव्हतं. रविवारचा तक्ता आदल्या दिवशी मीच बनवला होता.