समोरच्या बाकावर पोतं होतं

वडील धुळ्याला शाळेत विज्ञान शिकवायचे. घरात कोणी 'भूत' म्हणालं की ते शांतपणे विचारायचे, "कोणी पाहिलं? किती वाजता? उजेड कुठून येत होता?" एवढ्यावरच बहुतेक भुतं पळून जायची. मी त्याच घरात वाढले. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते माझ्याच बाबतीत घडलं नसतं, तर मीही हेच तीन प्रश्न विचारले असते.

तर त्यांची उत्तरं आधीच देऊन टाकते. पाहिलं मी. वेळ संध्याकाळी साडेचार-पाचची. उजेड भरपूर, माघातलं स्वच्छ ऊन होतं.

साल अठ्ठ्याऐंशी. मी तेव्हा बोदवडला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. वय एकतीस. लग्न होऊन नऊ महिन्यांत परत आले होते, आणि धुळ्यात भेटेल तो "काय झालं गं नेमकं?" विचारायचा... म्हणून बदली मागून घेतली, खान्देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. भाड्याची एक खोली, स्टोव्ह, ट्रान्झिस्टर. ड्युटीवर आठ तास कानात माणसं. कुणाचा कापसाचा भाव, कुणाकडे मुलगा झाला, कुणाची आई गेली. घरी आले की मात्र कुलूप उघडल्याचा आवाज तेवढा. कधीकधी रविवारी संध्याकाळी लक्षात यायचं, की शनिवारी दुपारपासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही.

माझ्याबरोबर शैला नावाची ऑपरेटर होती. स्वभावाने फार चांगली. तिचं सासर बोदवडपासून पाच-सहा मैलांवरच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, ती माणसं अजून तिथे आहेत. त्या गावची यात्रा होती. शैला म्हणाली, "एकटी खोलीत बसून काय करणार? चल आमच्याबरोबर."

गेले. मी, शैला, तिचे यजमान सुरेशभाऊ, सासूबाई आणि नणंद.

मळ्याच्या कडेला मोकळ्या पटांगणात यात्रा भरली होती. रेवड्या, बांगड्या, शेव-मुरमुरे, मौत का कुआँ आणि मधोमध आकाशपाळणा. आजच्या मुलांना त्याचं हसू येईल. आता मोठमोठ्या पार्कांत उलटे फिरवणारे झोपाळे आहेत, पट्टे आहेत, छातीवर लोखंडी दांडा येऊन बसतो. आमच्या त्या पाळण्याला डिझेलचं इंजिन होतं आणि बसणाऱ्यापुढे अडकवायला एक साखळी. बस्स. लाकडी डबे, समोरासमोर दोन बाक, एका डब्यात चार माणसं. वर जाताना अख्खा सांगाडा करकरायचा.

मला उंचीची भीती लहानपणापासून. धुळ्याच्या घरी गच्चीवर जायला शिडी होती. पापड वाळत घालायला सगळ्या बहिणी वर जायच्या आणि मी खालून ताटं द्यायची. तेव्हा पाळण्यात बसायचा प्रश्नच नव्हता. मी म्हटलं, "तुम्ही बसा, मी चपला सांभाळते."

"चपला कोण नेतं गं?" शैलाने हाताला धरून रांगेत ओढलं. "मी आहे ना शेजारी!"

डबा खाली आला. सासूबाई बसल्या, नणंद बसली, सुरेशभाऊ बसले, शैला बसली. चार झाले. मी पाचवी.

शैलाच्या ते तेव्हाच लक्षात आलं. "अगं... तू मागच्यात बस ना, आम्ही वरच आहोत!" एवढं बोलेपर्यंत तिचा डबा उचललाही गेला. मागचा डबा माझ्यासमोर येऊन थांबला. मागे रांग. "बसा बाई, बसा," लोक ढकलत होते. नको म्हणून परत फिरायचं तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून जावं लागणार होतं, आणि तेवढं धैर्य त्या काळात माझ्यात नव्हतं. मी बसले.

मागचे सगळे चार-चारच्या टोळक्यांचे, माझ्याबरोबर बसायला कोणी आलं नाही. पाळणेवाला बऱ्हाणपूरकडचा, पिळदार अंगाचा माणूस होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, "अकेली?" म्हणाला, आणि बाजूला पडलेलं वाळूचं पोतं उचलून माझ्या समोरच्या बाकावर ठेवलं. वजन सारखं राहावं म्हणून. साखळी अडकवली आणि मी वर जायला लागले.

ज्यांना भीती वाटत नाही त्यांना हे कळणार नाही. पाळणा फिरतो तेव्हाची भीती नंतरची. आधी तो थांबत थांबत भरतो, ते खरं भयानक. एक डबा वर, थांबला. झुलला. आणखी एक डबा वर. माझा डबा अगदी माथ्यावर जाऊन थांबला आणि मागेपुढे हलायला लागला. शैलाचा डबा आता पलीकडे खाली उतरलेला, मला दिसतही नव्हता. पुढची साखळी मी दोन्ही मुठींत आवळून धरली. मी डोळे गच्च मिटले. ओरडावंसं वाटत होतं, पण कोणाला हाक मारायची तेच सुचेना. माणसाला भीती वाटली की तोंडात आपोआप कोणाचं तरी नाव येतं ना? माझ्या तोंडात एकही नाव आलं नाही.

तेव्हा डबा माझ्या बाजूला कलला. कोणी शेजारी बसलं की बाक दबतो, तसा.

मग माझ्या मुठीवर एक हात आला. खरखरीत, कोरडा. आणि कानाजवळ आवाज... बाईचा, म्हाताऱ्या बाईचा. "घाबरू नको व माय. मी हाये ना अठी."

इथे थोडं थांबून सांगते. आवाज ओळखणं हे माझं काम होतं. लांबून येणारा, खरखरीतून येणारा, दाराआडून येणारा आवाज मी झोपेतही वेगळा सांगू शकत होते. हा आवाज वीतभर अंतरावरचा होता. घसा सुकलेला, ओठ फुटलेले असताना येतो तसा. मला वाटलं, मधे डबा थांबला तेव्हा पाळणेवाल्याने एखादी आजी माझ्या डब्यात बसवली असेल. डबा माथ्यावर होता, तिथे कोण कसं चढेल, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. फक्त बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

"खाली नको पाहू," ती म्हणाली. "लांब पाह्य. बाभळी दिसता का? त्याच्या अलीकडे निळं दार हाये. त्याच्याकडेच पाहत राह्य."

मी डोळे उघडले आणि ती म्हणाली तिकडे पाहिलं. पटांगणाच्या पलीकडे बाभळी होत्या. अलीकडे एक एकटं धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं घर, निळं दार बंद. अंगणात दोरीवरून खाली पडलेलं लुगडं मातीत लोळत होतं आणि खुंटीला बांधलेली एक शेळी खुंटीभोवती गोल गोल फिरत होती.

पाळणा सुरू झाला. खाली जाताना डोळे मिटायची, पण वर आलं की मी निळं दार शोधायची. तीन-चार फेऱ्यांनंतर चक्क श्वास नीट चालायला लागला. शेजारून ती काहीबाही बोलतच होती, "झालं, झालं, आता पाळणा वर जाईन पाह्य..." आणि मग एकदम, वेगळ्याच सुरात, "पुढच्या दाराले आतून कडी हाये. मागून ये. मागचं दार नुसतं लोटेल हाये."

मला कळेना. "काय म्हणालात आक्का?" म्हणून मी वळले.

शेजारी कोणी नव्हतं. समोर पोतं होतं.

खाली उतरले. पाळणेवाल्याला विचारलं, "माझ्याबरोबर आजी होत्या, त्या कुठे उतरल्या?"

तो पुढच्या डब्याची साखळी सोडवत म्हणाला, "कौन आजी? बहनजी, तुम अकेली थी इसलिए तो बोरा रखा."

शैला हसत हसत धावत आली. तिला सांगितलं तर म्हणाली, "घाबरलीस ना, त्याने भास झाला असेल. चल, गरम भजी खाऊ." सगळे भज्यांच्या दुकानाकडे वळले. सासूबाई नणंदेला काही सांगत होत्या, सुरेशभाऊ पुढे जागा धरायला गेले. मी दोन पावलं मागे राहिले आणि कोणाच्या लक्षात येण्याआधीच उलट्या दिशेने चालू लागले. का गेले? माहीत नाही. त्या शेळीसाठी गेले असेन. शेवटच्या फेरीला पाहिलं तेव्हा दावं खुंटीला पूर्ण गुंडाळलं गेलं होतं आणि तिला मान वर करता येत नव्हती, एवढंच डोळ्यांसमोर होतं.

घर वाटलं त्यापेक्षा लांब निघालं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, सगळं गाव यात्रेत. शेळी सोडली. निळं दार ठोठावलं. ढकललं. आतून कडी.

मी घराला वळसा घातला. मागे एक बुटकं, फळ्यांचं दार होतं. हात लावला आणि ते उघडलं.

चुलीजवळ जमिनीवर एक म्हातारी पडली होती. एक पाय विचित्र वळलेला. पाण्याचा माठ हाताला लागणार नाही एवढ्याच अंतरावर. मला वाटलं गेलेली आहे... तोच तिने डोळे उघडले.

"आली का व माय," ती म्हणाली.

तोच आवाज. मी शपथेवर सांगते, तोच.

पुढचं भराभर झालं. तिला चमच्याने पाणी पाजलं. पटांगणात पळत जाऊन सुरेशभाऊंना शोधलं. त्यांनी कोणाचा तरी टेम्पो आणला, खाटेसकट तिला उचललं आणि जळगावच्या दवाखान्यात नेलं. खुबा मोडला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर वाचली नसती. आदल्या दिवशी सकाळी पाय घसरून पडली होती. पहिले काही तास तिने हाका मारल्या. पण यात्रेचे भोंगे आणि पाळण्याचं इंजिन सुरू झाल्यावर तिला स्वतःलाच आपला आवाज ऐकू येईना, तेव्हा तिने हाका मारणं सोडून दिलं.

तिचं नाव गिरजाआक्का. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात. गावात तिला सगळे ओळखत, पण रोज दार वाजवून विचारपूस करील असं कोणी नव्हतं.

मी दर सुट्टीच्या दिवशी पॅसेंजरने जळगावला जाऊ लागले. ती जरा बोलायला लागल्यावर एकदा धीर करून विचारलं. पाळण्यातलं सगळं सांगितलं. आक्का हसली नाही, घाबरलीही नाही.

"मी कुठी बोलली?" ती म्हणाली. "तोंडात थुंकी नव्हती. पडल्या पडल्या धाब्याच्या भोकातून पाळणा दिसे. एक पाळणा वर येये, त्यात एक बाई. पिवळं पातळ, डोळे गच्च मिटेल. मले तिची कीव आली. मनातल्या मनात तिले म्हनत होती, घाबरू नको व माय."

मी त्या दिवशी पिवळी साडी नेसले होते.

"आणि मागच्या दाराचं? ते पण मलाच सांगितलंत?"

"ते तुले नाही सांगितलं. ते मी माझ्या पोराले सांगत होती. सुरतेले."

वडिलांच्या शिकवणीला स्मरून मी पुढच्या महिन्यात एक गोष्ट केली. आक्काला विचारून त्या घरात गेले. ती पडली होती त्याच जागी, चुलीजवळ, जमिनीवर उताणी पडले. धूर जायला धाब्याला ठेवलेलं भोक बरोबर डोक्यावर होतं, वाडग्याएवढं. त्यातून दिसत होतं ते सरळ वरचं आभाळ, दुसरं काही नाही. पाळणा उभा होता तो पटांगणात, पार एका बाजूला. तो कितीही उंच असता तरी तिथून दिसणं शक्य नव्हतं. मी कूस बदलून पाहिली, मान वाकडी करून पाहिली. नाही.

नंतर एका डॉक्टर नातेवाइकांना विचारलं. ते म्हणाले, तीव्र भीतीत मेंदू स्वतःच सोबत तयार करतो, आवाज ऐकू येतात, स्पर्श जाणवतो. पटलंही थोडं. पण बंद घराच्या मागचं दार कोणत्या मेंदूला दिसलं, यावर त्यांनी विषय बदलला.

मुलगा दीड महिन्याने आक्काला सुरतेला घेऊन गेला. चांगला होता तो, माझ्यापुढे हात जोडून रडला. मी त्यांना सोडायला जळगाव स्टेशनवर गेले होते. त्याने तिला उचलून खिडकीपाशी बसवलं आणि पाणी भरायला खाली उतरला. आक्काने गजांतून माझा हात धरला.

"अठी तुले कोणी नाही का व?"

"आहेत ना, आक्का. पुष्कळ आहेत."

"मंग त्या पाळण्यात एकटी काऊन बसली होती?"

मुलगा पाण्याची बाटली घेऊन आला, गाडी हलली. मी थोडं अंतर तिच्याबरोबर चालले, मग प्लॅटफॉर्म संपला.

दोन वर्षांनी सुरतेहून कार्ड आलं, आक्का गेल्याचं. मी अजून आहे, निवृत्त होऊन धुळ्यालाच. त्या संध्याकाळी माझ्या शेजारी कोण बसलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. पण कोणीतरी बसलं होतं, एवढं नक्की.