ताईच्या घरी पोचवलेली कोंबडी

भिंगरीला एका जागी बसवणं म्हणजे बोकडाला पाला राखायला ठेवणं. हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण लहानपणी तिच्यामागे धावून दमलेली ताई एकदा वैतागून म्हणाली, "पायाला भिंगरी बांधलीय की काय हिच्या?" ते जे चिकटलं ते पन्नाशी उलटली तरी सुटलं नाही. नवराही तिला भिंगरीच म्हणायचा. तो शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता आणि दिवसभर साठ पोरांचा कालवा ऐकून घरी आला की एकदम गप्प गप्प असायचा, त्यामुळे घरातलं बोलण्याचं खातंही तिच्याकडेच आलं होतं.

दोन खोल्या, मागे पत्र्याची पडवी आणि पडवीपुढे कुंपण घातलेली हातभर जागा. तेवढ्यात तीन शेळ्या, दोन करडं आणि अठरा कोंबड्या. खुराड्याला दार म्हणून नवऱ्याने भंगारातल्या बसच्या खिडकीची जाळी आणून लावली होती. पहाटे साडेपाचला धार, मग कोंबड्या सोडायच्या, लेंड्या झाडायच्या, शेळ्या रस्त्यापलीकडच्या माळावर न्यायच्या, परत आणायच्या, मध्येच कुठली तरी कोंबडी शेजारणीच्या सरपणात अंडं घालून आली की तिच्या मागोमाग जाऊन गोडीगुलाबीने ते अंडं सोडवून आणायचं. संध्याकाळी पुन्हा धार. या सगळ्यात भिंगरी जेवायची उभ्यानेच, एका हातात ताट आणि दुसऱ्या हाताने करडाला हाकलत. कोणी "बस की जरा" म्हटलं की तिला तो टोमणा वाटायचा.

हा उद्योग तिला लावला ताईने. आई गेली तेव्हा भिंगरी सहा वर्षांची होती आणि ताई सोळाची. तेव्हापासून वेणी घालण्यापासून ते लग्न लावून देण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. स्वतःच्या लग्नाचं मात्र राहून गेलं, आणि पुढे कोणी त्याची आठवणही काढली नाही. भिंगरीने नवा संसार थाटला त्याच आठवड्यात ताई एका डालग्यात एक कोंबडी आणि अकरा पिल्लं घेऊन हजर झाली. म्हणाली, "ठेव. नाहीतर तू नवऱ्याचं डोकं खाशील." आता ताई साठीच्या पुढे गेली होती. बसने अर्ध्या तासावर एकटी राहायची, पस्तीसेक कोंबड्या पाळायची आणि अंडी विकून पोट भरायची. त्या कोंबड्यांवाचून तिला दुसरा आधार नव्हता.

भिंगरीच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक मोठी पोल्ट्री होती. लांबच लांब पत्र्याची शेड, आत हजारो पांढऱ्या कोंबड्या. भिंगरी त्यांना कोंबड्या मानतच नसे. "उडता येत नाही, ओरडता येत नाही, नुसत्या खातात. त्यापेक्षा कापसाच्या उशा बऱ्या," असं तिचं मत होतं. एका दुपारी तिथला कामगार तोंडाला रुमाल बांधून बाहेर आला आणि कुंपणापाशी थांबून म्हणाला, "काकू, आमच्याकडे कालपासून दीडशे मेल्या. साथ आली वाटतं. उद्या सकाळी सरकारी डॉक्टर येणार. मग तुमच्या दारातलं पीससुद्धा बाहेर जाऊ देणार नाहीत."

भिंगरी तडक खुराड्यापाशी गेली. सतरा कोंबड्यांचं एकवेळ काय व्हायचं ते होवो, पण अठरावी होती कवडी. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, स्वभावाने तुसडी, पण अंडी उबवायला बसली की तिच्यासारखी तीच. मागच्या खेपेला दहापैकी नऊ पिल्लं काढली आणि एक घार आली तर तिच्या अंगावर धावून गेली होती. आत्ता ती अकरा अंड्यांवर बसली होती आणि एकोणिसावा दिवस होता. दोन दिवसांत पिल्लं बाहेर येणार. डॉक्टर आले, बंदी घातली, आणि साथ निघाली तर कवडी आणि तिची अकराच्या अकरा अंडी खड्ड्यात जाणार.

"बंदी उद्यापासून ना?" ती शेळीला म्हणाली. घरात दुसरं कोणी नव्हतं. "मग आज कोण अडवतंय?"

विचार करत बसण्याचा तिचा पिंड नव्हताच. रिकाम्या डब्यात भुसा भरला, भुशात अंडी रोवली, वरून तव्यावर गरम केलेला टॉवेल गुंडाळला. कवडीचे पाय अलगद बांधून तिला कापडी पिशवीत घातलं, वर शाल टाकली आणि तीनची बस पकडली. बसमध्ये पिशवीतून "कुक्" झालं की भिंगरी जोरात खोकायची. कवडी दोनदा बोलली की ही चारदा खोकायची. शेवटी शेजारची बाई तोंडाला पदर लावून पुढच्या सीटवर जाऊन बसली, आणि भिंगरीला ऐसपैस जागा मिळाली.

ताईला तिने सांगितलं, "घरी उंदीर फार माजलेत गं. अंडी पळवतात. दोन दिवसांत फुटतील, तेवढी राहू दे तुझ्याकडे."

ताईने काही विचारलं नाही. खुराड्याच्या कोपऱ्यात पेंढा घातला, अंडी एकेक करून कानाशी धरून पाहिली, कवडीला वर बसवलं. कवडी ताईच्या हाताला चोच मारून मग निमूट बसली. "बस, चहा टाकते," ताई म्हणाली. "नको, धार राहिलीय," म्हणून भिंगरी आल्या पावली परतली. परतीच्या बसमध्ये ती स्वतःवर फार खूश होती.

डॉक्टर सकाळी आठला आले. पांढरा डगला, हातमोजे, तोंडावर पट्टी. त्यांनी एकेका कोंबडीचा घसा कापसाच्या काडीने पुसून काड्या नळ्यांत घातल्या आणि सांगितलं, "सात दिवसांत रिपोर्ट येईल. तोवर एकही पक्षी बाहेर जाता कामा नये. शेळ्यांना हा रोग होत नाही, पण तुम्ही त्यांच्यामागे माळावर फिरू नका. चपलेला लागूनसुद्धा जातो हा. जिथे कोंबड्या आहेत अशा घरी तर मुळीच जायचं नाही."

"आणि रिपोर्ट वाईट आला तर?"

"मग एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या माराव्या लागतील. आणि इथून कुठे एखादी कोंबडी गेली असेल तर तिथल्याही सगळ्या." डॉक्टर खुराड्यात डोकावले. कोपऱ्यातल्या पेंढ्यात मोठा गोल खळगा होता. "इथे कोण बसत होतं?"

"मांजर," भिंगरी म्हणाली.

थाप मारावी, पण निदान पचेल अशी मारावी. कोंबड्यांच्या खुराड्यात मांजर, आणि सतरा कोंबड्या शाबूत! डॉक्टरांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, पण त्यांना अजून चाळीस घरं करायची होती. ते गेले आणि भिंगरी दारातच उभी राहिली. 'तिथल्याही सगळ्या' हे दोनच शब्द तिच्या कानात राहिले. ताईच्या पस्तीस. रोग असलाच तर तो आता ताईच्या खुराड्यात पेंढ्यावर बसलेला होता, आणि त्याला शालीत गुंडाळून, खोकत खोकत, हिनेच नेऊन सोडलं होतं.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. कोंबड्या कोंडलेल्या, त्या जाळीवर चोची आपटत होत्या. शेळ्या बांधलेल्या, त्या माळाकडे तोंड करून बें बें करत होत्या. आणि भिंगरी कुंपणाच्या आत, दारापासून पडवीपर्यंत आणि पडवीपासून दारापर्यंत. एखादी कोंबडी शिंकली की ती धावत जाऊन तिचा तुरा पाहायची, निळा पडलाय का, चेहरा सुजलाय का. धार काढताना लक्ष नसायचं. थोरल्या शेळीने लाथ मारून भांडं उलटवलं, एरवी हिने तिच्या सात पिढ्या काढल्या असत्या, पण त्या दिवशी ती नुसती सांडलेल्या दुधाकडे बघत राहिली. ताईला फोन करायला तिने दिवसातून दहादा फोन हातात घेतला. काय सांगणार? तुला फसवलं म्हणून? तुझं पोट ज्यावर चालतं त्यात मी माती कालवली म्हणून? आणि रिपोर्ट चांगला आला तर उगाच सांगितल्यासारखं होईल, असंही ती मनाला समजवायची. मनही मोठं लबाड, लगेच समजायचं.

तिसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला सांगून टाकलं. तो बुटाची नाडी सोडत होता. ऐकून तो तसाच वाकलेला राहिला.

"ताईला माहीत आहे?"

"नाही."

"फोन कर."

"आणि तिने माझं तोंड बघणं सोडलं तर?"

"ते नंतरचं. आधी फोन कर." एवढं बोलून तो गप्प झाला, आणि त्याच्या गप्प बसण्याचा भिंगरीला जन्मात पहिल्यांदाच राग आला. दोघांनी मान खाली घालून जेवून घेतलं. फोन काही तिने केला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तांबडी कोंबडी कोपऱ्यात मान पाडून बसलेली दिसली. दाणे टाकले तरी उठेना. भिंगरीने सूप खाली ठेवलं. संपलं, असं तिला वाटलं. तिने तिथेच, खुराड्यापुढे उकिडवं बसून, फोन लावला.

"ताई, घरात उंदीर नव्हते गं."

"मग?" पलीकडून ताई म्हणाली.

मग भिंगरीने सगळं सांगितलं. पोल्ट्रीचं, डॉक्टरचं, काड्यांचं, मांजराचंसुद्धा. सांगता सांगता तिला रडू कोसळलं. "कवडीला आत्ताच्या आत्ता वेगळी काढ. तुझ्या पाया पडते."

"ती वेगळीच आहे," ताई म्हणाली.

"आणि पिल्लं?"

"तीही."

"तुझ्या कोंबड्या?"

"खातायत, पितायत. बरं झालं सांगितलंस." आणि फोन ठेवला.

भिंगरीने डोळे पुसले. ताई किती हुशार, असं तिला वाटलं. नवी कोंबडी आली की वेगळी ठेवायची हे ताईला सांगावं लागत नाही. तिने तांबडीला उचलून चाचपलं. गळ्याखालच्या पिशवीत गाठ लागली. तोंडात तेल घालून हलक्या हाताने चोळत चोळत तिने तासाभरात वीतभर सुतळी बाहेर ओढली. तांबडी दोन मिनिटं हिरमुसून बसली आणि मग सगळ्यांना टोचत दाण्यांवर तुटून पडली. भिंगरी एकटीच हसली.

सातव्या दिवशी डॉक्टर पट्टीशिवाय आले. रिपोर्ट स्वच्छ होता. पोल्ट्रीतसुद्धा साथबीथ काही नव्हती. रात्री लाईट जाऊन पंखे बंद पडले होते आणि कोंबड्या उकाड्याने गुदमरून मेल्या होत्या. बंदी उठली. भिंगरीने जाळी उघडली, शेळ्या सोडल्या, आणि नवरा घरी यायच्या आत डालगं डोक्यावर घेऊन बस गाठली. अकराची अकरा निघाली असतील तर चार ताईला ठेवायची, असं ती वाटेत ठरवत होती. नाही, पाच. सहा दिली तरी चालतील.

ताईच्या अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. ताई ओट्यावर धान्य निवडत होती.

"आला रिपोर्ट! काही नाही, काही म्हणजे काही नाही!" भिंगरी फाटकातूनच ओरडली. "कुठे आहे माझी कवडी?"

ताई उठली. हात झटकले आणि घराच्या मागे चालू लागली. भिंगरी डालगं सावरत तिच्यामागे गेली. मागच्या भिंतीपाशी मातीचा एक लहान उंचवटा होता, वर चुना टाकलेला. शेजारी खुराड्यातल्या पेंढ्याचीही जाळून राख केलेली दिसत होती.

"तू आणलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी बातम्यांत तुझ्या समोरच्या पोल्ट्रीचं सांगितलं," ताई म्हणाली. "ऐकलं आणि लगेच केलं."

भिंगरीला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. "मारलीस?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "चांगली होती गं ती! काही झालेलं नव्हतं तिला! मला एकदा विचारायचं तरी!"

"तू मला विचारलं होतंस?"

भिंगरीने डालगं खाली ठेवलं.

"अंड्यांतून आवाज यायला लागला होता," ताई चुन्याकडे बघत म्हणाली. "आतून टोचत होती. मी घरातला रेडिओ मोठ्याने लावून आले आणि मग खड्डा बुजवला. आणि नंतर पाच दिवस तुझ्या फोनची वाट बघत बसले. आज करेल, उद्या करेल."

भिंगरीच्या घशात काहीतरी अडकलं होतं, आणि ते बाहेर ओढून काढायला दुसरं कोणी येणार नव्हतं. "चुकलं माझं, ताई," ती शेवटी म्हणाली.

"हं," ताई म्हणाली. रागाने नाही. दमल्यासारखी म्हणाली. मग आत जाऊन तिने चहाचं आधण ठेवलं. भिंगरी रिकामं डालगं घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकली. घरी धार राहिली होती, पण ते बोलायचं तिला धाडस झालं नाही. ताईने कप काढले, गाळणी घेतली, साखरेचा डबा उघडला आणि चमचा हातात धरून थांबली.

सहाव्या वर्षापासून भिंगरीच्या कपात साखर घालणारी ती बाई, पाहुण्याला विचारावं तसं म्हणाली, "साखर किती घालू तुला?"