जाऊबाईंचे पाय

आमच्या थोरल्या जाऊबाई एका जागी बसल्या आहेत असं जर कुणी येऊन सांगितलं असतं, तर कनेरगाव नाक्यावरच्या लोकांनी आधी सांगणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का ते पाहिलं असतं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस मला त्यांचा चेहरा असा नीट दिसलाच नाही. दिसायची ती खोचलेल्या पदराची पाठ आणि दारातून बाहेर पडणारी टाच. भाकरी त्या उभ्यानं खात. चहा चालता चालता पीत, आणि जिथं चहा संपेल तिथं कप ठेवून पुढं जात. त्यामुळे आमच्या घरातले कप गावभर मुक्कामाला असत. कुणाच्या कोनाड्यात, कुणाच्या गोठ्याच्या भिंतीवर, एखादा थेट ढाब्यावरच्या बाकड्याखाली. घरात पाहुणे आले की चूल पेटवायच्या आधी मला कप गोळा करायला निघावं लागे.

हिंगोलीला बाजाराला जायचं तर माणसं नाक्यावर उभी राहून एस.टी.ची वाट बघतात. जाऊबाईंना वाट बघणं हा प्रकारच ठाऊक नव्हता. "हितं उभं ऱ्हाऊन काय बस लवकर येती का? आपून पुढं होऊ, ती येईल मागून," असं म्हणून त्या हिंगोलीच्या दिशेनं चालू लागत, आणि नवी नवरी म्हणून मी नव्या चपला हातात घेऊन त्यांच्या मागं धावे. बस यायची ती मागूनच. रस्त्यात हात केला की ड्रायव्हर थांबवायचा, कारण त्यालाही सवय झाली होती. कंडक्टर म्हणायचा, "बाई, आज लई पुढं आल्या तुमी, तिकीट कमी लागंल." एकदा आम्ही सगळ्यांनी हिंगोलीत फोटो काढून घेतला. सासूबाई, माझे थोरले दीर, माझे मालक, मी, सगळे कसे स्वच्छ, डोळे वटारून उभे. आणि थोरल्या दिरांच्या शेजारी, जिथं जाऊबाई हव्या होत्या, तिथं पांढुरका धूर. फोटोवाल्यानं "हलू नका" म्हणताच त्यांना माझा पदर वाकडा दिसला होता. विहारात वंदना चालू असतानाही हे बाईमाणूस सतरंजीची टोकं सरळ करत कडेकडेनं फिरायचं.

मी एकदा विचारलं, "बाई, बसलं की काय होतं हो तुमाला?" त्या अंगण झाडत होत्या. झाडता झाडताच म्हणाल्या, "बसलं की इचार येतेत." मी हसले. तेव्हा मला कळायला हवं होतं, पण नव्या सुनेला आपल्याच लुगड्याचं भान नसतं. त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि त्यांच्या कुशीत अजून लेकरू नव्हतं.

थोरले दीर रस्त्याच्या कामावर मुकादम होते. बोलायचे कमी, पण मनात आलं की करून टाकायचे. त्यांनी कुणाकडून तरी नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंचं ऐकलं, आणि आईला आणि बायकोला घेऊन निघाले. डॉक्टरीणबाईंनी पिशवी साफ केली, नळ्या तपासल्या, गोळ्या दिल्या, आणि निघताना स्पष्ट सांगितलं की रोजची कामं करा, चाला, फिरा. फक्त जड उचलू नका आणि विहिरीचं पाणी शेंदू नका. हे सगळं सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, मान डोलवून ऐकलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता रद्द केलं. येताना त्यांनी बसमध्ये सुनेखाली वाकळ घडी करून घातली आणि ड्रायव्हरच्या मागं उभं राहून घरापर्यंत ओरडत आल्या, "हळू हाक रे बाबा, माझी सून हाय!"

आमच्याकडं बाळंतीण झाली की तिला बाजेवर घालतात. आत्याबाईंचा हिशेब सरळ होता. बाळंतपणानंतर बाजेचा एवढा गुण येतो, तर आधीपासूनच घातली तर केवढा येईल! त्यांनी माळ्यावरची बाज काढली, नव्या सुंभानं करकचून विणून घेतली, चार पायांखाली विटा ठेवल्या, उशाला लिंबाचा डहाळा खोचला आणि हुकूम सोडला, "थोरले, पड." लेकराचा पत्ता नाही आणि बाळंतिणीची बाज तयार! अर्ध्या गावाचा समज झाला की जाऊबाई नांदेडहून बाळंत होऊनच आल्या. एक म्हातारी झबलं घेऊन आली. दुसरी डिंकाचे लाडू घेऊन आली, आणि लेकरू कुठाय म्हणून बाजेखाली वाकून पाहून गेली. लाडू मात्र ठेवून गेली, ते मी खाल्ले.

बाज आली तरी जाऊबाई त्याच होत्या. आत्याबाई परसात गेल्या की ह्या ओसरीवर, आत्याबाई ओसरीवर आल्या की ह्या परसात. मग आत्याबाईंनी गल्लीतल्या म्हाताऱ्या आळीपाळीनं पहाऱ्याला बसवल्या. जाऊबाईंनी त्यांच्याकडून त्यांची निवडायची ज्वारी मागून घेतली, मग ती पाखडायला म्हणून उठल्या, आणि पाखडता पाखडता दिसेनाशा झाल्या. शेवटी आत्याबाईंनी डोकं लढवलं. जुनी लुगडी काढली आणि म्हणाल्या, "हे घे. एका जागी बसून वाकळ शिव." आता जन्मभर वाकळा शिवलेल्या बाईनं हे कसं विसरावं कळत नाही, पण वाकळ कडेनं शिवायची असते. एका कोपऱ्यातून दोरा सुरू करायचा आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडं जायचं. जाऊबाईंनी वाकळ भरपूर मोठी धरली. दिवसभर त्या तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होत्या, आणि आत्याबाई समाधानानं सांगत होत्या, "बराबर बसली बघा आता!"

आणि खरंच दिवस गेले. थोरल्या दिरांनी पहिल्यांदा कामावरून लवकर येऊन सगळ्यांसाठी पेढे आणले आणि स्वतःच लाजून बाहेर जाऊन उभे राहिले. जाऊबाईंनी त्या दिवशी चहाचा कप धुऊन जागेवर ठेवला. मी तो मुद्दाम दोनदा पाहून आले.

तिसरा महिना लागला आणि ते गेलं. कुणी काही केलं नव्हतं. जाऊबाईंनी जड उचललं नव्हतं, पाणी शेंदलं नव्हतं. सकाळी उठल्या, पोटात कळ आली, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. आत्याबाई दुष्ट नव्हत्या. पण त्यांनीही आजी व्हायची वाट पाहिली होती. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "तुझ्या पायानंच घात केला, थोरले." पुन्हा कधी हे वाक्य त्यांच्या तोंडातून निघालं नाही. पण काही वाक्यं एकदाच पुरतात. मला त्यांचा फार राग आला होता, आणि तो मी पुष्कळ दिवस भांड्यांवर काढला.

दुसऱ्या वर्षी थोरले दीर पुन्हा नांदेडला घेऊन गेले. पुन्हा गोळ्या झाल्या. परत आल्यावर जाऊबाईंनी स्वतः बाज मांडली, स्वतः पायांखाली विटा ठेवल्या, आणि त्या आडव्या झाल्या. उठल्याच नाहीत. कूस वळायची तरी श्वास धरून वळायच्या. मी इतकी वर्षं त्या घरात काढली, पण त्या दिवसांइतकं वाईट काही पाहिलं नाही. घरातले सगळे कप घरात होते. त्यांच्या वाटणीची येरझार आता आम्ही घालत होतो. थोरले दीर दारातून अंगणात, अंगणातून दारात. मी चुलीपासून बाजेपर्यंत. आत्याबाई तर दिवसभर काही ना काही शोधत असायच्या आणि काय शोधतोय ते विसरायच्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "अगं जराशी अंगणात तरी जाय. काहून अशी पडून राहिली?" जाऊबाई आढ्याकडं बघत म्हणाल्या, "न्हाई आत्याबाई. आवंदा म्या पाय खाली ठिवणार न्हाई."

तरीही पाळी आली.

या खेपेला नांदेडला मी सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि चिडूनच विचारलं, "कोणी सांगितलं होतं पडून राहायला? मी चाला म्हटलं होतं ना?" मग मीच मागच्या वर्षीचं सगळं सांगितलं, आत्याबाईंच्या वाक्यासकट. डॉक्टरीणबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "अहो, चालण्यानं गर्भ जात नसतो. पुष्कळदा तो मुळातच नीट धरलेला नसतो. तुम्ही चालला असतात तरी गेला असता, निजला असतात तरी गेला असता."

"म्हंजी माझ्या पायानं न्हाई गेलं ते?"

"नाही."

जाऊबाईंनी पुन्हा विचारलं, "बराबर सांगा बाई. पायानं न्हाई?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नाही म्हटलं. दारापर्यंत जाऊन जाऊबाई परत वळल्या आणि तिसऱ्यांदा विचारलं. डॉक्टरीणबाई उठून आल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "नाही हो."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीला डोकं लावून होत्या. नाका यायच्या आधी नाल्यावरचा पूल आला, तशा एकदम उठल्या आणि कंडक्टरला म्हणाल्या, "हितंच उतरव." मला वाटलं, चला, आता पुन्हा धावायचं. मी चपला हातात घेतल्या. पण जाऊबाई पुलाच्या कठड्यापाशी गेल्या आणि बसल्या. कुणी सांगितलं नव्हतं. हातात काही काम नव्हतं. पाय मोकळे सोडून नुसत्या बसल्या. पोटऱ्यांवरून हळूहळू हात फिरवत राहिल्या.

"धाकले," त्या म्हणाल्या, "लई शिव्या दिल्या गं म्या ह्या पायायला. वरीसभर."

मी रडले. त्या नाही रडल्या. "बस जराशी," म्हणाल्या, आणि मी शेजारी बसले. मागून एक बैलगाडी आली, गाडीवान आमच्याकडं बघतच राहिला आणि बैल थांबवून म्हणाला, "थोरल्या बाई, बरं हाय ना?" जाऊबाईंना बसलेलं पाहून त्याला दुसरं काय वाटणार! उन्हं कलेपर्यंत आम्ही तिथं होतो. मग त्यांनी पदर खोचला, "चाल" म्हणाल्या, आणि मी कठड्यावरून उतरेपर्यंत त्या वळणापाशी पोचल्या होत्या.

घरी आत्याबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हनली डॉक्टरीन?" जाऊबाई पाय धुता धुता म्हणाल्या, "पायाचा गुन्हा न्हाई म्हनली." आत्याबाईंनी जाऊबाईंच्या हातातला तांब्या घेतला आणि खाली बसून स्वतः त्यांच्या पायांवर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी बाज अंगणात होती आणि तिच्यावर मिरच्या वाळत होत्या.

लेकरू झालं नाही. पुढं त्यांनी थोरल्या दिरांना आणखी दवाखाने करू दिले नाहीत. माझी पोरं मात्र त्यांच्यामागं धावून धावून चालायला शिकली, आणि कप गोळा करायचं काम माझ्याकडून पोरांकडं गेलं. आता जाऊबाईही नाहीत. भिंतीवरच्या फोटोत त्यांचा तेवढा धूर आहे. नातवंडं विचारतात हे काय आहे, आणि मी सांगते की ही तुमची थोरली आजी, थांबली नाही. हिंगोलीहून येताना पूल आला की मी अजून खिडकीतून त्या कठड्याकडं बघते. तो रिकामा असला तर बरं वाटतं. दुसरं कुणी बसलेलं दिसलं, की मला उगाच राग येतो.