खिडकीकडचं तिसरं कपाट

शनिवार, सकाळी अकरा. नवघरचं वाचनालय, समितीची बैठक. हजर: अध्यक्ष, सचिव, ग्रंथपाल सर, दोन सदस्य. मीही होते. हजेरीत माझं नाव नव्हतं.

विषय एकच, वाचनालयातलं ज्ञान व्यवस्थापन. सचिवांनी पडद्यावर एक पान दाखवलं. वाचकाने काय विचारलं, उत्तर कुठल्या कपाटात, कुठल्या पुस्तकात सापडलं. पान माझ्या वहीचं. अक्षर माझं. वर छापलेलं: संकल्पना, सचिव.

चौदा वर्षं लिहितेय मी ती वही. ग्रंथालयाचा कोर्स केलाय, पदाने शिपाई. वाचक दाराशी मलाच विचारतात. बैठकीच्याच आठवड्यात उत्तनच्या कोळीवाड्यातली एक मावशी आली होती. "पोरी, लेकीला सुक्या मासळीचा धंदा करायचाय. तसं पुस्तक हाय का?" मी प्रश्न लिहून घेतला. एकासाठी शोधलेलं दुसऱ्याला पुन्हा शोधावं लागू नये, एवढंच त्या वहीचं काम.

मी सचिवांना म्हटलं, "सर, वही माझी आहे."

सचिव हसले. "ताई, ज्ञान आम्ही बघतो. तुम्ही चहा बघा."

ग्रंथपाल सर म्हणाले, "तुमच्या लोकांचं पाठांतर चांगलं असतं हं."

तुमच्या लोकांचं. आडनावावरून माझी जात त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखली होती. सगळे हसले. एकाने तरी माझ्याकडे बघावं म्हणून मी थांबले. कुणी बघितलं नाही.

चहा आणायला गेले. ट्रेमध्ये पाच कप मांडले आणि हात थांबला. पाचच. चौदा वर्षं मीसुद्धा मला मोजलं नव्हतं.

सहावा कप ठेवला.

ट्रे घेऊन आत गेले, तेव्हा अध्यक्ष पडद्यावरच्या पानाकडे बोट दाखवून विचारत होते, "हे खि-३ काय आहे?" सचिव ग्रंथपाल सरांकडे बघायला लागले. सर पडद्याकडे. मग सगळे माझ्याकडे.

खिडकीकडचं तिसरं कपाट. मीच ठरवलेल्या खुणा. वहीभर त्याच.

"आधी हजेरीत माझं नाव लिहा," मी म्हटलं. "वहीवरही. मग सांगते."

"नोकरी करायचीय ना?" सचिव.

"करायचीय. म्हणूनच सांगतेय."

सहावा कप मी तिथेच उभी राहून प्यायले. बैठक उठली.

तेव्हापासून ग्रंथपाल सर माझ्याशी बोलत नाहीत. डबा एकटीच खाते. नाव अजून लिहिलेलं नाही. वाचकाचं उत्तर मी अडवणार नाही. नावाशिवाय समितीला एकही खूण सांगणार नाही.

खिडकीकडची तिन्ही कपाटं बघून झाली. वहीत मावशीच्या प्रश्नासमोरचा उत्तराचा रकाना अजून कोरा आहे.