लाईन बरी हाय

हे माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. भाषणात नाही, पत्रकात तर नाहीच. टेबलाशी बसून गावाची पाहणी लिहिणाऱ्यांवर मी पत्रक काढलं, तासगावच्या स्टँडवर घसा फुटेस्तोवर ओरडलो — आणि तो टेबलाशी बसलेला माणूस कोण? मीच.

चळवळीत यायच्या आधी मी कराडला नोकरीत होतो. एका संस्थेचे गावोगाव दवाखाने होते, त्यांचे संगणक मी बघायचो. कुठल्या दवाखान्याचा पासवर्ड कुठल्या सर्व्हरनं तपासायचा, याची आखणी माझ्याकडे आली. इंटरनेटची लाईन वेगवान असेल, तर तो दवाखाना कराडच्या 'साइट'मध्ये, म्हणजे गटात, घालायचा; त्याचे पासवर्ड कराडचा सर्व्हर तपासणार. मंद असेल तर त्याची साइट वेगळी, सर्व्हर तिथंच. त्यासाठी जागेवर जाऊन वेग मोजायचा. एवढंच काम.

आटपाडीच्या दवाखान्यात मी गेलोच नाही. उन्हात एसटीनं कोण जाणार? फोन केला. उचलला सुनीताताईंनी — केसपेपर काढणाऱ्या, धनगरवाडीवरून रोज सायकलनं येणाऱ्या.

"लाईन कशी हाय, ताई?"

"आज बरी हाय बगा. सकाळधरनं गेली न्हाई."

मी तासगावचा. आमच्याकडं लाईन म्हणजे वीज, हे मला माहीत नव्हतं? होतं. फोन ठेवायच्या आधीच कळलं होतं. तरी रकान्यात लिहिलं — वेग चांगला, प्रत्यक्ष मोजला.

प्रत्यक्ष!

आटपाडी कराडच्या साइटमध्ये गेली. पुढं हजेरीही लॉगिनवर धरायला लागले. ताई आठला येऊन बसायच्या, पासवर्ड टाकायच्या, तो तिथल्या मंद लाईनवरून कराडला जायचा — पडद्यावर चक्र फिरत राहायचं. साडेआठ. पावणेनऊ. समोर पेशंट ताटकळलेले, आणि कागदावर ताई रोज उशिरा.

मग कराडला बैठक. साहेब म्हणाले, "काय बाई, मेंढरं मोजूनच येता व्हय कामावर?"

सगळे हसले. मीही हसलो.

ताई उभ्या राहिल्या. "आवं साहेब, मी आठलाच येती. ती मशीनच आत घेत न्हाई मला." आणि माझ्याकडं बघितलं. मला सगळं कळतं, असा त्यांचा समज होता. साहेबांनी विचारलं, लाईनचा काही दोष?

माझा कागद त्यांच्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "नाही. लाईन चांगली आहे."

ताईंचं कंत्राट पुढं वाढवलं नाही. काही महिन्यांनी मी आटपाडीला गेलो, वेग मोजला, साइट वेगळी केली. कागदावर लिहिलं — सुधारणा. चूक हा शब्द कुठंच लिहिला नाही. ताईंच्या वाडीवर गेलो? नाही.

परवा आटपाडीच्या बाजारात टेबलाशी बसणाऱ्यांवरचं तेच पत्रक वाटत होतो. एका बाईनं हात पुढं केला. ताई. मला ओळखलं नाही. उभ्याउभ्या अख्खं वाचलं.

"लय खरं लिवलंय रं बाबा," म्हणाल्या. "आमच्यासंगं असंच झालंतं." आणि शेजारणीसाठी आणखी एक मागितलं.

मी दिलं.