डोळे मिटून स्वतःभोवती

मागच्या वर्षी घरच्या गणपतीच्या विसर्जनाची आरती संपली आणि सगळ्यांसारखी मीही डोळे मिटून, हात जोडून स्वतःभोवती प्रदक्षिणा घातली. अर्ध्यात तोल गेला आणि मी थेट मखराला मिठी मारली. बाप्पा जागचे हलले नाहीत, मखर मात्र माझ्या डोक्यावर. पुढचा आठवडाभर आमच्या क्वेकर्स हिल उपनगरातल्या मराठी घरांत दुसरा विषय नव्हता.

"पुढच्या वर्षी मूर्ती तू उचलायची नाहीस," बायकोने जाहीर केलं. "पडली-बिडली म्हणजे?"

आमच्याकडे मूर्ती बॅकयार्डातल्या टबापर्यंत न्यायचा मान माझा. तो आता मेहुण्याला! फार लागलं मला ते.

कंबरदुखी माझी जुनी, पॅरामॅटाच्या ऑफिसात खुर्चीला चिकटून कमावलेली. तोल का गेला ते विचारायला फिजिओकडे गेलो, तर ती म्हणाली, वर्षानुवर्षं कंबर दुखली की तिथले स्नायू तोल सावरायला उशिरा धावतात, त्यांना पुन्हा शिकवायला हवं. म्हणजे काय, तर एका पायावर उभं राहायचं. दात घासताना, चहा उकळताना. लेक येता-जाता म्हणायची, "डॅड, प्लीज, ब्लाइंड्स तरी बंद कर!"

पुढे डोळे मिटून उभं राहायची पाळी आली आणि पंचाईत झाली. डोळे मिटले की माझे हात आपोआप जोडले जायचे. "आर्म्स आउट, मेट!" फिजिओ ओरडायची. लहानपणापासूनची खोड, ती काय तिचं ऐकते? शेवटी खरं काय ते सांगून टाकलं, की मला असंच हात जोडून गोल फिरायचंय. ती म्हणाली, "नो वरीज. मग तेच शिकू." भिंतीपाशी, चिमुकली पावलं टाकत, महिनोन्‌महिने आम्ही तेच केलं.

या वर्षी आरती संपली. मी फिरलो. डोळे उघडले तर काय, बाप्पाकडे कोणाचंच लक्ष नाही, सगळे माझ्याकडे बघतायत! मेहुणा तर मखर घट्ट धरून उभा.

"उचल," बायको म्हणाली.

मी मूर्ती घेऊन निघालो. बायको माझ्यापुढे उलटी चालत होती, दोन्ही हात माझ्या कोपरांखाली धरून. पायरीपाशी मी म्हणालो, "अगं, सोड आता. मूर्तीला काही होत नाही."

"मूर्ती शाडूची आहे, आत्ता पाण्यात विरघळणारच आहे," ती म्हणाली. "तू नीट चाल."