राख पुसायचा रुमाल घेऊन कुरखेड्याला

बाबा यायला तयार झाले आणि मी तडक जाऊन गाडीत पेट्रोल भरून आणलं. न जाणो, त्यांचं मन बदललं तर!

बाबांनी उभी हयात ऊर्जानगरच्या कोळशावरच्या औष्णिक वीजकेंद्रात बॉयलरवर काढली. मी भौतिकशास्त्र शिकले आणि आता पुण्यात सौरऊर्जेवर संशोधन करते. "आमच्याच चुलीत पाणी ओताले शिकली का?" असं ते एकदा थट्टेत म्हणाले होते, पण ती नुसती थट्टा नव्हती. लेक काय करते असं कोणी विचारलं, की "पुण्याले नोकरी हाये" म्हणून विषय संपवायचे. माझं काम त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून हा खटाटोप.

ऊर्जानगरहून कुरखेड्याचा रस्ता मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा असा. चारेक तास धरा. धान कापणीच्या दिवसांत थोडा जास्तच वेळ लागतो. तर्री-पोहे मूललाच खाऊन घ्या. वैनगंगेच्या पुलावर बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि नदीला हात जोडले. पाणी दिसलं की ते जरा मवाळ होतात.

कुरखेड्याच्या अलीकडे तलावाकाठी मासेमारी करणाऱ्यांचं एक गाव आहे. तिथे आमची सौर शीतपेटी बसवली आहे. बॅटरी नाही, दिवसा उन्हाच्या विजेवर मिठाचं पाणी गोठतं आणि तेच रात्रभर मासे गार ठेवतं. या मिठाच्या पाण्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली.

पेटी सांभाळणाऱ्या सुमनबाईंनी खुर्ची पुढे केली. बाबांनी खिशातून रुमाल काढून ती खसाखसा पुसली. बाईंचा चेहरा पडला.

"काऊन जी, सकाळीच तं धुतली मी!"

"नाई बाई, सवय हाये," बाबा ओशाळले. "ऊर्जानगरले सगळ्यावर राख बसते. पुसल्याबिगर बसताच येत नाई."

सुमनबाई हसल्या. "हात् तिच्या! म्हणून तुमची पोरगी बिनराखेच्या विजेमागं लागली म्हणा!"

मी असा विचार कधी केलाच नव्हता. शाळेत सोडताना स्कूटरच्या सीटची माझी बाजू बाबा आधी पुसायचे, ते आठवलं आणि डोळे भरून आले. बाबा उठले, पेटीच्या ठेंगण्या छपरावरच्या सौर पॅनेलवरून रुमाल फिरवला आणि उलटून पाहिला.

"नुसती धूळ हाये," ते म्हणाले. मग पेटीत हात घालून बराच वेळ तसेच उभे राहिले.

जेवायला भात आणि झिंग्यांचा रस्सा होता. परतताना मुक्काम वडशात करा, तिथे लॉज मिळतात. बाबांना मात्र घरी जायची घाई झाली होती.

दुसऱ्या दिवशी मला स्टेशनवर सोडायला बाबांनी स्कूटर काढली. शेजारच्या काकांनी विचारलं, "कुठी गेलते, भाऊ?"

बाबा माझी बाजू पुसत होते. "कुरखेड्याले," ते म्हणाले. "पोरीनं उन्हावर मासे गार ठेवले ना जी. पाहून आलो."